मेंदूतले विद्युत्स्पंद : कंपवातावरील एका उपचाराचा इतिहास

डीप ब्रेन स्टिम्युलेशन किंवा डीबीएस ही कंपवाताच्या, म्हणजे पार्किन्सन्सच्या, रुग्णांवर केली जाणारी शस्त्रक्रिया आहे. तीत मेंदूच्या गाभ्यातील एका ठरावीक केंद्रात सव्वा मिलिमीटर जाडीची तार, म्हणजे इलेक्ट्रोड, बसवतात. तारेच्या टोकाशी चार किंवा अधिक धातूच्या कड्या असतात. दुसरे टोक कातडीखालून मानेमार्गे छातीपर्यंत आणून कॉलर बोनखाली बसवलेल्या, बॅटरीवर चालणाऱ्या उपकरणाला जोडतात. हे उपकरण सेकंदाला साधारण १३० वेळा विजेचा स्पंद सोडते. प्रत्येक स्पंद सुमारे ६० मायक्रोसेकंद टिकतो. स्पंद चालू असेपर्यंत हातापायांची थरथर, स्नायूंचा ताठरपणा आणि हालचालींतला मंदपणा कमी होतो. उपकरण बंद केले की लक्षणे परततात. या पद्धतीला आजचे रूप १९८७ साली फ्रान्समधील ग्रनोबल येथे येऊ लागले. त्याआधी मेंदूच्या शस्त्रक्रियेची जवळजवळ ऐंशी वर्षे खर्ची पडली होती. या साऱ्या वाटचालीत गुण आधी दिसला आणि त्याचे कारण मागाहून शोधले गेले, असे वारंवार घडले.

रोग आणि त्याचे ठिकाण

लंडनच्या हॉक्स्टन भागात वैद्यकी करणाऱ्या जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली या रोगावर एक छोटी पुस्तिका लिहिली. तीत सहा रुग्णांचे वर्णन आहे. त्यांतले काही त्यांनी केवळ रस्त्यात पाहिले होते. स्वस्थ बसल्यावर होणारी हाताची थरथर, पुढे झुकलेले शरीर आणि घाईघाईने पडणारी छोटी पावले त्यांनी अचूक टिपली. पुढे पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयातील जाँ-मार्तँ शार्को यांनी ताठरपणा आणि मंदपणा ही लक्षणे वेगळी काढली आणि रोगाला पार्किन्सन यांचे नाव दिले. आयुर्वेदात कंपवात या नावाने वर्णिलेली लक्षणेही बरीचशी याच रोगाशी जुळतात.

रोगाचे मूळ मेंदूत नेमके कुठे आहे, याचा उलगडा व्हायला आणखी एक शतक लागले. १९१९ साली कॉन्स्तान्तिन त्रेत्याकोफ यांनी पॅरिसमध्ये सादर केलेल्या प्रबंधात मृत रुग्णांच्या मेंदूतील सबस्टॅन्शिया नायग्रा या काळसर भागातल्या पेशी नष्ट झाल्याचे दाखवले. त्या पेशी काय काम करतात हे तेव्हा ठाऊक नव्हते. त्यामुळे पुढची चाळीस वर्षे शल्यचिकित्सक जवळजवळ अंधारातच चाचपडत होते.

कापण्याचे आणि जाळण्याचे दिवस

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात लंडनच्या व्हिक्टर हॉर्स्ली यांनी अनैच्छिक हालचालींनी त्रस्त असलेल्या एका मुलाच्या मेंदूच्या पृष्ठभागाचा काही भाग काढला. हालचाली थांबल्या, पण हाताची ताकदही गेली. पुढे हाच मार्ग कंपवातासाठी वापरला गेला तेव्हाही थरथर गेली ती लुळेपणाच्या मोबदल्यात. मेंदूच्या गाभ्यातील बेसल गँग्लिया या केंद्रांना हात लावण्यास मात्र कोणी धजत नव्हते. अमेरिकेतील नामवंत शल्यचिकित्सक वॉल्टर डँडी यांच्या मते शुद्धीचे केंद्र तिथेच होते. १९३९ साली रसेल मायर्स यांनी त्या भागात शस्त्रक्रिया करून ही समजूत खोटी ठरवली. रुग्णाची शुद्ध हरपली नाही, लुळेपणा आला नाही आणि थरथर कमी झाली. मात्र अशा शस्त्रक्रियांत दगावणाऱ्यांचे प्रमाण इतके होते की खुद्द मायर्स यांनीच त्यांचा सर्रास वापर करू नये असे मत दिले.

पुढचा टप्पा अपघाताने आला. १९५२ साली न्यू यॉर्कमध्ये आयर्विंग कूपर कंपवाताच्या एका रुग्णाच्या मेंदूतील चेतामार्ग छेदण्याच्या तयारीत असताना एक छोटी रक्तवाहिनी फाटली. रक्तस्राव थांबवण्यासाठी त्यांनी ती बंद केली आणि ठरलेली शस्त्रक्रिया सोडून दिली. रुग्ण शुद्धीवर आला तेव्हा त्याची थरथर आणि ताठरपणा गेला होता, आणि हाताची ताकद शाबूत होती. रक्तपुरवठा तुटल्यामुळे गाभ्यातील काही पेशी मेल्या होत्या. मग कूपर यांनी ती रक्तवाहिनी मुद्दाम बांधायला सुरुवात केली. पुढे अल्कोहोल टोचून आणि अतिशीत करून गाभ्यातील पेशी मारण्याचे मार्गही त्यांनी अवलंबले.

कवटी मोठ्या प्रमाणावर न उघडता खोलवरच्या बिंदूपर्यंत पोहोचणे शक्य झाले ते स्टिरिओटॅक्सी या तंत्रामुळे. डोक्याला घट्ट बसवलेली धातूची चौकट, तिच्यावरची तीन दिशांची मापे आणि त्यांनुसार आत जाणारी सुई, असे हे तंत्र. हॉर्स्ली आणि रॉबर्ट क्लार्क यांनी १९०८ साली प्राण्यांसाठी असे उपकरण वर्णिले होते. माणसासाठी ते फिलाडेल्फियात अर्न्स्ट स्पीगल आणि हेन्री वायसिस यांनी १९४७ साली वापरात आणले. मनोरुग्णांवर तेव्हा होणाऱ्या लोबोटॉमीसारख्या ढोबळ शस्त्रक्रियांऐवजी मोजकीच इजा करावी, हा त्यांचा मूळ हेतू होता. दोन वर्षांनी स्टॉकहोमच्या लार्स लेक्सेल यांनी वापरायला सोपी चौकट प्रसिद्ध केली. तिच्या सुधारित आवृत्त्या आजही शस्त्रक्रियागृहात दिसतात. जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे रोल्फ हासलर यांनी मेंदूच्या गाभ्यातील थॅलॅमस या केंद्राचे बारीक विभाग पाडले. त्यांतला व्हिम नावाचा विभाग जाळला की थरथर थांबते हे अनुभवाने पक्के झाले. थॅलॅमोटॉमी या नावाने ही शस्त्रक्रिया जगभर पसरली. भारतात मद्रासला बी. राममूर्ती आणि व्ही. बालसुब्रमण्यम यांनी आणि बंगळुरूला आर. एम. वर्मा यांनी अशा शस्त्रक्रिया केल्या.

औषधाचे यश आणि त्याच्या मर्यादा

स्वीडनच्या अर्विद कार्लसन यांनी १९५०च्या दशकाच्या अखेरीस डोपामिन हे मेंदूतले स्वतंत्र संदेशवाहक रसायन असल्याचे दाखवले. १९६० साली व्हिएन्नाचे हर्बर्ट एरिंगर आणि ओलेह होर्निकिएविच यांना कंपवाताने मृत्यू पावलेल्या रुग्णांच्या मेंदूत डोपामिन फार कमी आढळले. त्रेत्याकोफ यांनी पाहिलेल्या पेशी हेच रसायन बनवत होत्या. डोपामिन रक्तातून मेंदूत शिरू शकत नाही. ते ज्याच्यापासून बनते ते लेव्होडोपा शिरू शकते. व्हिएन्नातच १९६१ साली लेव्होडोपाची इंजेक्शने देऊन पाहण्यात आली. रोजच्या उपचारात ते बसले ते अमेरिकेतील जॉर्ज कोट्झियास यांच्यामुळे. १९६७ साली त्यांनी तोंडाने मोठी मात्रा हळूहळू वाढवत दिली आणि जागचे न हलणारे रुग्ण चालू लागले. खाजकुइलीच्या बियांत लेव्होडोपा असते, हे मद्रासच्या संशोधकांनी १९३७ सालीच दाखवले होते. त्या बियांच्या चूर्णाची कंपवाताच्या रुग्णांवर केलेली चाचणी भारतीय डॉक्टरांनी १९७८ साली प्रसिद्ध केली.

लेव्होडोपा आल्यावर शस्त्रक्रिया जवळजवळ बंद पडल्या. स्टिरिओटॅक्सीच्या चौकटी कपाटात गेल्या आणि नव्या पिढीतल्या फार थोड्या न्यूरोसर्जननी हे तंत्र शिकून घेतले. पण काही वर्षांतच औषधाच्या मर्यादा उघड झाल्या. पाच-दहा वर्षे औषध घेतल्यावर गोळीचा परिणाम लवकर ओसरतो. रुग्ण दिवसातून अनेकदा एकाएकी जखडतो, आणि गोळी अंगात भिनलेली असताना हातपाय व धड आपोआप वेडेवाकडे हलत राहतात. मात्रा वाढवली तर हे हेलकावे वाढतात, कमी केली तर जखडणे वाढते. डीबीएसची गरज निर्माण झाली ती याच अवस्थेतल्या रुग्णांसाठी.

वीज : तपासणीचे साधन

मेंदूत वीज सोडणे ही थॅलॅमोटॉमीतली नेहमीची पायरी होती. पेशी जाळण्याआधी सुई योग्य जागी आहे ना, याची खात्री तिच्यातून बारीक विद्युत्प्रवाह सोडून केली जाई. पॅरिसचे जेरार गिओ आणि डेनीज आल्ब-फेसार यांनी १९६०च्या दशकात शस्त्रक्रियेदरम्यान चेतापेशींचे विद्युत्संकेत नोंदवण्याची पद्धतही रुळवली. प्रवाहाची वारंवारता वाढवली की थरथर क्षणभर थांबते, हे अनेकांनी पाहिले होते. पण तो जागा बरोबर असल्याचा पुरावा मानला जाई. खात्री पटली की ती जागा जाळली जात असे.

विजेने उपचार करण्याचा विचार कोणाला सुचलाच नव्हता असे मात्र नाही. लेनिनग्राडमध्ये नतालिया बेख्तेरेवा यांनी १९६०च्या दशकात रुग्णांच्या मेंदूत अनेक इलेक्ट्रोड काही काळ ठेवून, अधूनमधून वीज सोडून हालचालींचे विकार सुधारण्याचा प्रयत्न केला. शरीरात बसवता येईल असे उपकरण त्यांच्यापाशी नव्हते, आणि त्यांचे रशियन भाषेतील लेखन पश्चिमेत फारसे वाचले गेले नाही. अमेरिकेत मेंदूच्या विद्युत् उत्तेजनाला वेगळाच वास येऊ लागला होता. न्यू ऑर्लिन्समध्ये रॉबर्ट हीथ यांनी मनोरुग्णांवर केलेले प्रयोग वादग्रस्त ठरले. होसे देल्गादो यांनी १९६३ साली स्पेनमधील कोर्दोबा येथे अंगावर धावून येणारा बैल रेडिओने नियंत्रित होणाऱ्या इलेक्ट्रोडच्या साहाय्याने थांबवून दाखवला. त्यातून माणसाच्या मनावर ताबा मिळवण्याची भीती चर्चेत आली, आणि हे क्षेत्र पुढे बराच काळ संशयाच्या सावटाखाली राहिले.

उपकरण आले ते हृदयरोगाच्या क्षेत्रातून. मिनिआपोलिसच्या मेडट्रॉनिक या कंपनीचे अर्ल बॅकन यांनी १९५७ साली बॅटरीवर चालणारा, अंगावर बाळगता येणारा पेसमेकर बनवला. पुढच्याच वर्षी स्टॉकहोममध्ये पेसमेकर पहिल्यांदा शरीरात बसवला गेला. १९७०च्या दशकात हेच तंत्र पाठीच्या कण्यातील आणि मेंदूतील उत्तेजनासाठी वापरून असह्य वेदनांवर उपचार होऊ लागले. शरीरात कायमची राहू शकणारी तार आणि बॅटरी अशा रीतीने कंपवाताच्या उपचाराआधीच तयार होती.

ग्रनोबलचा प्रयोग

ग्रनोबलच्या विद्यापीठ रुग्णालयातील आलिम-लुई बेनाबिद हे न्यूरोसर्जन होते आणि त्यांनी भौतिकशास्त्रातही डॉक्टरेट मिळवली होती. थॅलॅमोटॉमीआधीच्या तपासणीत त्यांनी नेहमीच्या ५० हर्ट्झ वारंवारतेवर न थांबता खालच्या आणि वरच्या वारंवारता क्रमाने वापरून पाहिल्या. अगदी कमी वारंवारतेला थरथर वाढली. १०० हर्ट्झच्या आसपास ती थांबली आणि प्रवाह बंद करताच परतली. जाळल्यासारखाच गुण, पण मागे घेता येणारा, असे हे निरीक्षण होते.

त्याचा उपयोग कुठे करायचा हेही शस्त्रक्रियेच्या अनुभवाने ठरले. थॅलॅमोटॉमी मेंदूच्या दोन्ही बाजूंना केली तर वाचा अडखळते आणि गिळणे अवघड होते. त्यामुळे दोन्ही हात थरथरणाऱ्या रुग्णाला एकाच बाजूचा आराम मिळे. बेनाबिद, मज्जाविकारतज्ज्ञ पिएर पोलाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका बाजूला थॅलॅमोटॉमी केली आणि दुसऱ्या बाजूला कायमचा इलेक्ट्रोड बसवला. हे काम १९८७ साली प्रसिद्ध झाले. १९९१ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात व्हिम भागातील उत्तेजनाचे दीर्घकालीन निष्कर्ष आले, तेव्हा जगाचे लक्ष ग्रनोबलकडे वळले. त्याच सुमारास स्वीडनमध्ये लाउरी लाइटिनेन यांनी लेक्सेल यांची पॅलिडोटॉमी, म्हणजे बेसल गँग्लियातील ग्लोबस पॅलिडस या केंद्राचा भाग जाळण्याची शस्त्रक्रिया, पुन्हा सुरू करून १९९२ साली तिचे निष्कर्ष मांडले. औषधापुढे मागे पडलेली शस्त्रक्रिया अशी दोन्ही मार्गांनी परतली.

विषारी अमली पदार्थ, माकडे आणि नवे लक्ष्य

व्हिममधील उत्तेजनाने थरथर जाई, पण रुग्णाला जास्त जेरीस आणणारा मंदपणा आणि ताठरपणा तसाच राही. या लक्षणांसाठीची जागा सापडली ती एका दुर्घटनेमुळे सुरू झालेल्या संशोधनातून. १९८२ साली कॅलिफोर्नियात काही तरुण व्यसनी रुग्ण अचानक जखडल्यासारखे झाले. त्यांची लक्षणे हुबेहूब कंपवाताची होती. त्यांनी टोचून घेतलेल्या बनावट हेरॉइनमध्ये एमपीटीपी हे द्रव्य असल्याचे विल्यम लँगस्टन आणि सहकाऱ्यांनी १९८३ साली दाखवले. हे द्रव्य सबस्टॅन्शिया नायग्रातील पेशी नेमक्या मारते. माकडांना ते दिले की त्यांनाही कंपवात होतो, हे लक्षात आल्यावर या रोगाचा प्रयोगशाळेत सविस्तर अभ्यास करता येऊ लागला.

महलॉन डिलाँग आणि सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात बेसल गँग्लियातील मंडलांचा आराखडा मांडला होता. डोपामिन कमी झाले की सबथॅलॅमिक न्यूक्लिअस हे केंद्र अतिसक्रिय होते आणि हालचालींना लगाम बसतो, असे त्यावरून दिसत होते. मसुराच्या दाण्याच्या घाटाचे हे केंद्र जेमतेम सेंटिमीटरभर लांब असते. हागाय बर्गमन, थॉमस विखमन आणि डिलाँग यांनी १९९० साली कंपवात झालेल्या माकडांतले हे केंद्र निकामी केले, तेव्हा त्यांची हालचाल सुधारली. पुढच्याच वर्षी मँचेस्टरमध्ये तिपू अझीझ, ॲलन क्रॉसमन आणि सहकाऱ्यांना तसाच अनुभव आला.

माणसात मात्र ही जागा वर्ज्य मानली जात होती. पक्षाघाताने हे केंद्र बिघडले तर हातपाय जोरजोराने फेकले जाऊ लागतात, हे डॉक्टरांना पूर्वीपासून माहीत होते. ती जाळण्याचा धोका पत्करायला सहसा कोणी तयार नव्हते. विजेच्या उत्तेजनाने हा पेच सुटला, कारण काही बिघडलेच तर प्रवाह बंद करणे हातात होते. बोर्दो येथे अब्देलहमीद बेनाझूझ, ख्रिस्तियान ग्रोस आणि सहकाऱ्यांनी माकडांमध्ये या केंद्रातील उच्च वारंवारतेचे उत्तेजन लाभदायक असल्याचे दाखवले, आणि १९९३ साली ग्रनोबलच्या गटाने ते माणसात करून पाहिले. १९९८ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये या गटाने २० रुग्णांचे वर्षभरानंतरचे निष्कर्ष दिले. औषध नसलेल्या स्थितीतील हालचालींची गुणपट्टी सुमारे ६० टक्क्यांनी सुधारली होती आणि लेव्होडोपाची मात्रा निम्म्यावर आली होती. झ्युरिखमध्ये १९९४च्या सुमारास शेजारच्या ग्लोबस पॅलिडसमधील उत्तेजनही सुरू झाले होते.

चाचण्यांची कसोटी

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९७ साली थरथरीसाठी थॅलॅमसमधील आणि २००२ साली पुढच्या टप्प्यातील कंपवातासाठी सबथॅलॅमिक न्यूक्लिअस व ग्लोबस पॅलिडस या केंद्रांतील डीबीएसला मान्यता दिली. औषधोपचाराशी थेट तुलना करणाऱ्या मोठ्या चाचण्या त्यानंतर झाल्या. जर्मनी व ऑस्ट्रियातील १५६ रुग्णांच्या चाचणीत (२००६) सहा महिन्यांनी शस्त्रक्रिया झालेल्यांचे जीवनमान सुमारे एक चतुर्थांशाने सुधारलेले आढळले. औषधावर ठेवलेल्या गटात तसा बदल दिसला नाही. त्याच चाचणीत शस्त्रक्रियेतील रक्तस्रावाने एक रुग्ण दगावला. अमेरिकेतील २५५ रुग्णांच्या चाचणीत (२००९) डीबीएसमुळे त्रासदायक अनैच्छिक हालचालींविना नीट वावरता येण्याचा काळ दिवसाला ४.६ तासांनी वाढला. दोन केंद्रांची तुलना करणाऱ्या २०१०च्या चाचणीत हालचालींतली सुधारणा दोन्हीकडे जवळजवळ सारखीच निघाली. फ्रान्स आणि जर्मनीतील 'अर्लीस्टिम' चाचणीत (२०१३) औषधाच्या तक्रारी नुकत्याच सुरू झालेल्या, सरासरी ५२ वर्षांच्या २५१ रुग्णांत शस्त्रक्रियेची निव्वळ औषधोपचाराशी तुलना केली. तिथेही डीबीएस सरस ठरले.

या पद्धतीच्या मर्यादा दीर्घकालीन पाहणीतून समजल्या. ग्रनोबलच्या ४९ रुग्णांची पाच वर्षांनंतरची पाहणी २००३ साली प्रसिद्ध झाली. औषधाविना हालचालींतली सुधारणा ५४ टक्के टिकली होती, पण वाचा सुधारली नव्हती, आणि औषध घेतलेल्या स्थितीतही चालणे आणि तोल बिघडत गेले होते. डीबीएस पेशींचा ऱ्हास थांबवत नाही. लेव्होडोपाने जी लक्षणे सुधारतात, तीच साधारणपणे डीबीएसने सुधारतात. थरथर हा मोठा अपवाद, ती औषधाला दाद देत नसतानाही कमी होते. स्मृतिभ्रंश झालेल्या रुग्णांना ही शस्त्रक्रिया सहसा करत नाहीत. मेंदूतील रक्तस्राव, जंतुसंसर्ग, तार सरकणे, आणि नैराश्य किंवा उतावळेपणासारखे मनोवृत्तीतले बदल, हे धोके प्रत्येक केंद्राला गृहीत धरावे लागतात. म्हणून रुग्णाची निवड मज्जाविकारतज्ज्ञ, न्यूरोसर्जन आणि मानसशास्त्रज्ञ यांनी मिळून करण्याची पद्धत रूढ झाली. डिलाँग आणि बेनाबिद यांना २०१४ साली लास्कर पुरस्कार मिळाला.

भारतातील वाटचाल

भारतात ही शस्त्रक्रिया १९९०च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत आली. जसलोक रुग्णालयात न्यूरोसर्जन परेश दोशी आणि मज्जाविकारतज्ज्ञ मोहित भट्ट यांनी केलेल्या दोन्ही बाजूंच्या सबथॅलॅमिक उत्तेजनाचा अनुभव २००३ साली 'न्यूरॉलॉजी इंडिया'मध्ये प्रसिद्ध झाला. तिरुवनंतपुरमची श्री चित्रा तिरुनाल संस्था, दिल्लीचे एम्स आणि बंगळुरूचे निमहान्स येथेही हे काम सुरू झाले. मेंदूच्या शस्त्रक्रियेचे कौशल्य देशात आधीपासून होते. अडचण खर्चाची आहे. आयात केलेल्या उपकरणामुळे खर्च अनेक लाखांत जातो, आणि साध्या बॅटरीचे उपकरण काही वर्षांनी बदलावे लागते. पुन्हा चार्ज करता येणारी बॅटरी जास्त टिकते, पण सुरुवातीची किंमत वाढवते.

गुणाचे कारण आणि पुढची दिशा

विजेने नेमके काय होते, हा प्रश्न १९८७ पासून चर्चेत आहे. जाळण्यासारखाच गुण येतो, म्हणून वीज पेशींना गप्प करत असावी, असे प्रथम मानले गेले. पुढे असे दिसले की पेशी मंदावल्या तरी त्यांचे तंतू उत्तेजित होतात, आणि रोगट लयीच्या जागी नियमित संकेत पुढे जातात. लंडन आणि ऑक्सफर्डमध्ये काम केलेल्या पीटर ब्राउन यांच्या गटाने या रोगट लयीचा मागोवा घेतला. कंपवातात सबथॅलॅमिक केंद्रात सेकंदाला १३ ते ३० आवर्तनांची, बीटा नावाची लय बळावते. लेव्होडोपाने आणि डीबीएसनेही ती मंदावते. २०१३ साली याच गटाने ही लय वाढली तेव्हाच वीज सोडण्याचा प्रयोग आठ रुग्णांवर केला. सततच्या उत्तेजनापेक्षा त्यात कमी विजेत अधिक गुण आला. मेंदूतले संकेत नोंदवू शकणारी उपकरणे २०२० पासून उपलब्ध झाली, आणि त्या संकेतांनुसार प्रवाह आपोआप कमी-जास्त करणाऱ्या डीबीएसला अमेरिकेत २०२५ साली मान्यता मिळाली. दुसरीकडे, कवटी न उघडता ध्वनिलहरी एकवटून पेशी जाळण्याचे तंत्र आल्याने जुनी थॅलॅमोटॉमीही नव्या रूपात परतली आहे. तिला बॅटरी लागत नाही, पण तिचा परिणाम मागे घेता येत नाही.

कंपवात, डिस्टोनिया (स्नायू आपोआप पिळवटले जाण्याचा विकार) आणि इतर विकार मिळून २०१९ पर्यंत जगभरात सुमारे १,६०,००० लोकांना डीबीएसची उपकरणे बसवली गेल्याचा अंदाज आहे. या उपचाराने कंपवात बरा होत नाही आणि त्याची वाढही थांबत नाही. औषध अपुरे पडू लागलेल्या, योग्य निवडलेल्या रुग्णाला हालचालींची अनेक वर्षे परत मिळतात. बंद करता येणारा आणि गरजेप्रमाणे बदलता येणारा उपचार हे शंभर वर्षांच्या मेंदूशस्त्रक्रियेला या पद्धतीने दिलेले सर्वांत मोठे योगदान आहे.